सहा आठवडे घरी आहे, पण पाहुण्यासारखी

पत्राचा सारांश: बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाई तालुक्यातली २४ वर्षांची मुलगी. अकरावी-बारावी लातूरला, इंजिनिअरिंग संभाजीनगरला, मग पुण्यात नोकरी. आता जर्मनीत एम.एस्सी.ला प्रवेश मिळालाय, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात विमान आहे. निघण्याआधीचे सहा आठवडे घरी मनापासून जगायचे असं ठरवून ती नोकरी सोडून आली. पण रोज कुणाकडे तरी निरोपाचं जेवण असतं. मैत्रिणींना पाच दिवस हंपीला जायचंय. शिक्षणासाठी घर तारण ठेवून वीस लाखांचं कर्ज काढलंय, त्यामुळे मजा करायला जीव धजत नाही. आई गप्प राहून डबे भरते. आजी रोज विचारते, ‘परत कधी येशील गं?’ ती लिहिते, ‘दिवस हातातून चाललेत. रडूही येत नाही, आनंदही होत नाही. नातेवाइकांना नाही म्हणू का? माझंच काही चुकतंय का?’

---

तुझं काही चुकत नाहीये. ‘घरातले शेवटचे दिवस’ हे शब्द मात्र आपण जरा तपासून बघू.

घर तू आत्ता सोडत नाहीयेस. सोळाव्या वर्षी वळकटी घेऊन लातूरच्या होस्टेलला गेलीस, तेव्हाच ते सुटलं. मराठवाड्यातल्या कितीतरी मुलामुलींचं असंच होतं. दहावीचा निकाल लागतो, खोली बघितली जाते, डबा लावला जातो, आणि घर म्हणजे दिवाळीची सुट्टी होऊन बसतं. लॉकडाऊनचे महिने सोडले तर त्या आठ वर्षांत सलग सहा आठवडे तू घरी कधी राहिली होतीस? बहुधा कधीच नाही. म्हणजे हा तुझा इतक्या वर्षांतला सगळ्यात मोठा मुक्काम आहे. घरच्यांना मात्र तू दोन दिवसांसाठी आल्यावर जे करायचं तेवढंच ठाऊक आहे. ताट वाढायचं, कामाला हात लावू द्यायचा नाही, ‘झोप अजून, दमली असशील’ म्हणायचं. पाहुणीला पहिले दोन दिवस बरं वाटतं, नंतर ती अवघडते. तुला जे कोरडं वाटतंय त्याचं कारण बरंचसं हेच दिसतं. तू घरात आहेस, पण घराच्या रहाटगाडग्यात नाहीस.

मग यावेळी नवीन काय आहे? लातूरहून, पुण्याहून वाटलं की एसटीत बसून यायची सोय होती. कारण लागत नव्हतं. ती सोय आता जाणार, आणि तेवढं दुःख खरं आहे. पण त्यावर उपाय म्हणून रोज ‘आनंद घ्यायला’ बसलीस तर आनंद येणार नाही. घरातलं एखादं काम अंगावर घे. सकाळचं पाणी भरणं, संध्याकाळची भाकरी, आजीच्या गोळ्या, काहीही चालेल. मात्र रोज तेच काम, आणि निघायच्या दिवसापर्यंत. आई दोन दिवस ‘राहू दे’ म्हणेल. तिसऱ्या दिवशी ती तुला पीठ कमी पडलं म्हणून रागावेल. तेव्हा समज की तू घरातली झालीस.

आता नातेवाईक. सरसकट नाही म्हणू नकोस, आणि सगळीकडे जाऊही नकोस. आपल्याकडे जेवणाला नाही म्हटलं की माणूस दुखावतो, हे तुला सांगायला नको. पण तुझ्या निघण्याआधी महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, येतात. त्या दिवशी निम्मं गणगोत तसंही घरी जेवायला असतं. आईने आत्ताच फोन करून सांगावं, ‘पोरीला महालक्ष्म्यांच्या जेवणाला भेटा, त्या दिवशी ती दिवसभर घरी आहे.’ तू स्वतः फोन केलास तर आत्या तुलाच आग्रह करून गुंडाळतील, म्हणून हे आईनेच सांगणं बरं. पुरणपोळी, आंबील, सोळा भाज्यांच्या त्या पंगतीत तू वाढायला उभी राहा, बसून राहू नकोस. प्रत्येकाशी दोन शब्द होतात आणि कुणाच्या घरची सरबराई घ्यावी लागत नाही.

ज्यांना प्रवास झेपत नाही अशा म्हाताऱ्या माणसांकडे मात्र जाच. ही घरं तीन-चारच निघतील. सकाळी दहाला पोहोच आणि जेवणाच्या वेळेआधी नीघ. दोन घरं एका दिवसात घालू नकोस. दुसऱ्या घरी तू घड्याळाकडे बघत बसतेस आणि ते त्यांना दिसतं.

कुणी ‘काय देऊ सोबत?’ विचारलं तर ‘काही नको’ म्हणू नकोस. तसं म्हटलं की लोक मनाने आणतात, आणि मग दोन किलो चिवडा, स्टीलचा डबा, देवीची फ्रेम असं सगळं निघायच्या आदल्या दिवशी दारात येतं. प्रत्येकीला एकच नेमकी वस्तू वजनासह सांग: मोठ्या आत्याला पाव किलो काळा मसाला, मावशीला दोनशे ग्रॅम कारळाची चटणी. त्यांनाही बरं वाटतं, कारण ती वस्तू तू खरंच खाणार असतेस.

आईच्या डब्यांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण ती बोलत नाही ते सगळं त्या डब्यांत भरते आहे. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला सामानातून दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे साजूक तूप, खवा, पेढे गेले. कस्टमने बॅग उघडली तर ते काढून घेतात, शिवाय दंड होऊ शकतो. आई दोन किलो लोणी कढवायच्या आत तिला हे सांग. ताज्या कढीपत्त्याच्या डहाळीला वनस्पती आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं, तेव्हा ती पानं सावलीत वाळवून चुरून ने. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तेलामुळे पेट घेऊ शकतात म्हणून विमानतळावर काढून ठेवायला लावतात. तेच खोबरं भाजून मसाल्यात दळलेलं असेल तर प्रश्न येत नाही. लोणचं चेक-इनच्या बॅगेतच ठेव. हातातल्या सामानात १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या डब्यात काहीही ओलसर चालत नाही. पॉवर बँक मात्र उलट, ती हातातल्याच बॅगेत ठेवायची.

डाळी, तांदूळ नेऊ नकोस. जर्मनीतल्या शहरांत भारतीय दुकानं असतात, तिथे तूरडाळ मिळते. मिळत नाही ते येसर, म्हणजे डाळ-धान्य आणि मसाले भाजून दळलेलं आमटीचं पीठ. म्हणून वजन त्याला दे. खाण्याच्या सगळ्या वस्तूंना मिळून सहा किलोची मर्यादा ठेव. काळा मसाला आणि येसर अर्धा अर्धा किलो, वसमतची हळद पाव किलो, शेंगदाण्याची चटणी दोनशे ग्रॅमच्या दोन पुड्या, जवस आणि कारळाची एकेक. शेंगदाण्याची चटणी एकाच मोठ्या पुडीत नेली तर ती पुडी रोज उघडली जाते, हवा लागते आणि महिन्याभरात खवट वास येतो. एक पुडी वापरायला, दुसरी तिथल्या फ्रीजरमध्ये. ज्वारीचं पीठ दोन किलोच्या वर नको. जुन्या पिठाला चिकटपणा राहत नाही, भाकरी थापताना कडेने चिरते आणि चवीला कडवट लागते. चिरायला लागली तर पीठ उकळत्या पाण्यात भिजव, दहा मिनिटं झाकून ठेव, मग मळ. तिथल्या काचेच्या शेगडीवर जाळ नसतो, त्यामुळे भाकरी तव्यावरच फडक्याने दाबून फुगवायला लागेल. ते आत्ता घरीच चार वेळा करून बघ. कुकर नेणार असशील तर अॅल्युमिनियमचा नको. इंडक्शनवर तो तापत नाही, इंडक्शन चालेल असं बूड असलेलाच घे.

मसाले आणि येसर बाजारातून आणून भरू नकोस, आईबरोबर बसून कर. वाटी, मूठ, चिमूट ही आईची मापं आहेत, ती तिला ग्रॅममध्ये विचारू नकोस. तिला ग्रॅम सांगता येत नाहीत, आणि विचारत राहिलं की ती ‘जाऊ दे, मीच करून देते’ म्हणते. त्याऐवजी पाच-सहाशे रुपयांचा डिजिटल वजनकाटा आण. धण्याचा डबा आधी तोल, आईला तिच्या हाताने घालू दे, मग परत तोल. फरक वहीत लिही. येसराचं माप घरोघर वेगळं असतं. बऱ्याच घरी हरभऱ्याची डाळ दोन वाट्या, गहू एक, बाजरी किंवा ज्वारी एक, धणे अर्धी वाटी, दोन चमचे जिरे, आणि सुक्या मिरच्या, सुंठ, दगडफूल, लवंग, दालचिनी, हळद असं काहीसं असतं. तुझ्या घरचं वेगळं असेल, तेच लिही. प्रत्येक धान्य मंद आचेवर वेगळं भाजायचं, कारण गहू आणि डाळ एकाच वेळी भाजून होत नाहीत. एकत्र भाजलं की डाळ कच्ची राहते आणि आमटीला कच्चट वास येतो. भाजलेलं पूर्ण गार झाल्यावरच दळायचं, आणि दळल्यावरही ताटात पसरून गार करायचं. गरम पीठ डब्यात भरलं की आत वाफ धरते आणि पंधरा दिवसांत जाळी होते. तिथे आमटी करताना दोन मोठे चमचे येसर आधी वाटीभर गार पाण्यात कालव, मग उकळत्या फोडणीच्या पाण्यात सोड. कोरडं टाकलंस तर गुठळ्या होतात. या कामात दोन दुपारी जातील, आणि आई बोलायला लागेल. समोरासमोर बसवून ‘आई, काय वाटतंय तुला?’ विचारलं तर ती बोलणार नाही. हात कामात असले की बोलेल.

वडिलांशी बोलण्याचा विषय वेगळा आहे. कर्जाचं ओझं मनात घेऊन तू हंपीला गेलीस काय आणि नाही गेलीस काय, ओझं तेवढंच राहतं. ते कागदावर आण. एका रविवारी वडिलांबरोबर बसून मंजुरीपत्र वाच: व्याजदर किती, रक्कम किती टप्प्यांत उचलली जाणार, अभ्यासक्रम संपल्यावर हप्ते किती महिन्यांनी सुरू होणार. समजा दर साडेदहा टक्के आहे. वीस लाख पूर्ण उचलल्यावर वर्षाचं व्याज दोन लाख दहा हजार, म्हणजे महिन्याला साडेसतरा हजार होतं. हप्ते सुरू होईपर्यंत बँक बहुधा पैसे मागत नाही, पण व्याज चढतच असतं. वडिलांना त्यातलं थोडं दरमहा भरणं झेपतं का, तुला तिथे कामाला लागल्यावर किती पाठवता येईल, याचा अंदाज दोघांनी मिळून काढा. जर्मनीच्या व्हिसासाठी ब्लॉक्ड खात्यात जे ११,९०४ युरो ठेवावे लागतात, ते तुला महिन्याला ९९२ युरो याप्रमाणे परत मिळतात. पहिल्या वर्षाचा राहण्या-खाण्याचा खर्च त्यातून भागवायचा, हेही वडिलांना समजावून सांग. पुष्कळ वडिलांना ती रक्कम फी म्हणून गेली असंच वाटत असतं. आकडे दोघांना माहीत झाले की तू घरी एक दुपार लोळून काढलीस तरी अपराधी वाटणार नाही.

त्याच बैठकीत आणखी दोन गोष्टी उरकून घे. तुझ्या बचत खात्याचं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या, खात्यात रूपांतर करायला बँकेत अर्ज दे. शिकायला गेलेला विद्यार्थीही परकीय चलनाच्या नियमांत अनिवासी धरला जातो. आणि आधारला, बँकेला जोडलेला मोबाईल नंबर बंद पडू देऊ नकोस. निघण्याआधी रोमिंग चालू करून घे, नाहीतर तिथे ओटीपी येत नाही आणि मग प्रत्येक कामासाठी वडिलांना शाखेत हेलपाटे पडतात.

वडिलांना आणि आईला एक घरगुती परवलीचा शब्द शिकवून ठेव. ‘तुमची मुलगी परदेशात पोलिसांनी पकडली आहे, पैसे पाठवा’ असे फसवे फोन आई-वडिलांना येतात, आणि घाबरलेला माणूस दहा मिनिटांत पैसे पाठवतो. असा फोन आला की ठेवून द्यायचा आणि तुला फोन करायचा. तुझ्या नावाने, तुझ्या आवाजात कुणी पैसे मागितले तर आधी तो शब्द विचारायचा.

दवाखान्याची कामं याच आठवड्यात सुरू कर. दात आधी दाखव. रूट कॅनल निघालं तर दोन-तीन खेपा लागतात, वर कॅप बसवायला आणखी आठवडा जातो, म्हणून शेवटच्या पंधरवड्यात ते जमत नाही. चष्मा असेल तर दोन करून घे आणि नंबरचा कागद सोबत ठेव. तिथल्या सरकारी विम्यात मोठ्या माणसांचा नेहमीचा चष्मा सहसा बसत नाही.

हंपीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: जाऊ नकोस. हंपी सुंदरच आहे, पण बेचाळीस दिवसांतले पाच दिवस आणि आधी-नंतरचा थकवा धरला तर पूर्ण आठवडा जातो, आणि मैत्रिणी खरं म्हणजे तुझ्यासाठी येतायत. त्यांना दोन दिवस तुझ्या गावी बोलाव. पावसाळ्याच्या शेवटी बालाघाटाचे डोंगर हिरवे असतात. मुकुंदराजांच्या समाधीकडे दरीच्या कडेने एक संध्याकाळ चालत जा. ‘विवेकसिंधू’ लिहिणाऱ्या कवीची ही जागा घराजवळ असून कितीतरी अंबाजोगाईकरांनी नीट बघितलेली नसते. हत्तीखान्याची लेणी, संतकवी दासोपंतांनी कापडावर लिहिलेली पासोडी हेही इथेच आहे. मैत्रिणींनी वेरूळचा हट्ट धरला तर मंगळवार टाळा, त्या दिवशी लेणी बंद असतात. अजिंठा सोमवारी बंद असतो.

आता आजी. तिचं वय तू लिहिलं नाहीस, पण नात चोवीसची म्हणजे ती पंचाहत्तर-ऐंशीची असावी. तिच्याजवळ बसून नुसतं ‘जुनं काहीतरी सांग’ म्हणू नकोस, ती ‘काय सांगू बाई’ म्हणेल. नेमकं विचार. बहात्तरच्या दुष्काळात कुठल्या रस्त्याच्या कामावर गेली होतीस? खडी फोडायला कोण कोण होतं? मिलो ज्वारीची भाकरी कशी लागायची? किल्लारीचा भूकंप झाला त्या पहाटे, ३० सप्टेंबर १९९३ ला, घरात कोण कुठे झोपलं होतं? जात्यावरची कुठली ओवी तुझ्या आईकडून आली? हे रेकॉर्ड करून ठेव. पंखा बंद कर, कारण त्याची घरघर आवाज खाऊन टाकते. फोन एअरप्लेन मोडवर टाकून तिच्यापासून हातभर अंतरावर टॉवेलवर ठेव. एका वेळी वीस मिनिटं पुरे, त्यानंतर म्हातारी माणसं थकतात आणि गोष्टी एकमेकींत मिसळतात. फाइलला त्याच दिवशी तारीख आणि विषयाचं नाव दे, एक प्रत घरच्या पेन ड्राइव्हवर ठेव. असे आठ-दहा बैठकांचे तुकडे सहज होतील.

रडू येत नाही म्हणतेस, त्याची चिंता सोड. निघायच्या धांदलीत ते सहसा येत नाही. तिथे गेल्यावर चौथ्या-पाचव्या आठवड्यात, नवी खोली लागल्यावर, येतं. तिथे डिसेंबरात दुपारी चार-साडेचारलाच अंधार पडतो, आणि त्या संध्याकाळी तुला आजीचा आवाज आणि येसराची आमटी दोन्ही लागणार आहे.

फोनची वेळही आत्ताच ठरव. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत आपण जर्मनीच्या साडेतीन तास पुढे असतो, त्यानंतर साडेचार तास. तुझी संध्याकाळची सातची वेळ आपल्याकडे आधी साडेदहाची आणि पुढे साडेअकराची होते, तोवर आजी झोपलेली असते. म्हणून सकाळी साडेसातला फोन कर. इथे तेव्हा अकरा, पुढे बारा वाजलेले असतात, आजीचं जेवण व्हायचं असतं. रोज पाच मिनिटं, व्हिडिओ फक्त रविवारी. व्हिडिओ कॉल लावणं आजीला नाही, शेजारच्या एखाद्या शाळकरी पोराला शिकवून ठेव.

शेवटचे तीन दिवस मोकळे ठेव. बॅगा त्याआधी बंद झाल्या पाहिजेत. हातात धरायच्या काट्यावर तोलून तिकिटावर लिहिलेल्या मर्यादेत, बहुतेकदा एका बॅगेला २३ किलो, त्यातही एक किलो कमीच भर. आदल्या रात्री बॅग उघडी असली की त्यात प्रत्येकजण काहीतरी कोंबतो, वजन वाढतं, काढायचं काय यावरून भांडण होतं, आणि घरातली शेवटची रात्र त्यात जाते.

मुंबईला सोडायला गाडी भरून येऊ देऊ नकोस. तिकिटाशिवाय कुणालाही विमानतळाच्या आत सोडत नाहीत. दहा माणसं रात्रभर प्रवास करून येतात आणि दारात, ट्रॉल्यांच्या गर्दीत, पाच मिनिटांत निरोप उरकतात. फक्त आई-वडील येऊ देत. बाकीच्यांचा निरोप घरीच, अंगणात, सकाळच्या वेळी घे. औक्षण होऊ दे, दही-साखर खा, सगळ्यांच्या पाया पड, आणि गाडीत बसायची घाई करू नकोस.

आजीच्या प्रश्नाला मात्र आजच उत्तर दे. ‘लवकर येईन’ म्हणू नकोस. लवकर म्हणजे तिला दिवाळी वाटते, आणि दिवाळीला तुझं सत्र ऐन भरात असेल. वेळ अमावस्येला, म्हणजे डिसेंबर-जानेवारीतल्या आपल्या शेतातल्या सणालाही, जमणार नाही. तिथल्या विद्यापीठांची उन्हाळी सत्रातली व्याख्यानं साधारण जुलैच्या मध्याला संपतात आणि नवी ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होतात. परीक्षेच्या तारखा आणि तिकिटाचे पैसे सांभाळावे लागतील, पण महालक्ष्म्या नेहमी त्या मधल्या काळातच पडतात. तेव्हा आजीला सांग, ‘पुढच्या वर्षीच्या महालक्ष्म्यांना यायचा पुरता प्रयत्न करते, आणि आलेच तर आंबील मी करीन, तू नुसती बसून सांग.’ मग तिला भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोजू दे.